आतून लावायची कडी

बागांमधले झोपाळे, घसरगुंड्या, सीसॉ आणि घोड्यांच्या चक्र्या मोडल्या की ज्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पडत, त्या शेडची मुकादम म्हणजे मावशी. ती नक्की कुणाची मावशी हे तिलाही आठवत नसे. आवाज असा, की दुपारी तिने चहाची हाक घातली की पलीकडच्या रस्त्यावरचे वाटसरूसुद्धा खिशात कप शोधू लागत. एकदा त्या हाकेने पिंपामागे मरून पडलेला उंदीर उठून रांगेत बसला होता, असं वेल्डर शपथेवर सांगायचा. वेल्डरच्या शपथेला शेडमध्ये काय भाव होता ते सोडा. पण रांगेत उंदराचा नंबर कितवा होता हे मात्र लोक अजून विचारत.

कायमची माणसं तीनच: मावशी, वेल्डर आणि रंगारी. बाकीचे हात कोर्टाकडून यायचे. आत घालण्याइतका मोठा गुन्हा नाही आणि सोडून देण्याइतका निर्मळ नाही, अशा माणसाला न्यायाधीश सांगत, इतके दिवस लोकांचं काम फुकट कर. मग शिक्षा-कचेरीतले साहेब त्या माणसाला काय येतं ते बघून कुठेतरी चिकटवून देत. ज्याला लाकूड, लोखंड किंवा रंग कळतो तो मावशीच्या पदरात.

अशा माणसाला पहिल्या दिवशी मावशी स्वतःच्या हाताने चहा द्यायची, आणि काय केलंस म्हणून कुणी विचारायचं नाही, असा शेडचा रिवाज होता. रिवाज मावशीनेच घातलेला. तिचा नवरा असाच शिक्षेवर शेडमध्ये आला होता. मान खाली, कान लाल. तिने चहा दिला, विचारलं काही नाही. तो बिचारा त्या न विचारण्याच्या इतका प्रेमात पडला की शिक्षा संपली तरी रोज येत राहिला. लग्नाला कित्येक वर्षं उलटल्यावर मावशीला कळलं, की गुन्हा म्हणजे बिनदिव्याची सायकल, आणि पकडणाऱ्या हवालदारालाच डबलसीट बसवून घरी पोचवायची केलेली आगाऊ विनंती. नवरा गेला, रिवाज राहिला. मावशी म्हणायची, "माणूस शिक्षा भोगतोय ना? मग आपण कोण वरून मीठ चोळणार?"

आता विचारायचं नाही म्हटल्यावर पोटात दुखणारच. म्हणून शेडने त्यावर एक पळवाट काढली होती. शिक्षा किती झाली एवढं साहेब सांगायचे. त्यावरून गुन्हा ताडायचा. शिक्षा मोठी तर गुन्हा मोठा, शिक्षा बारीक तर गुन्हा बारीक. जो सगळ्यात झकास ताडेल त्याने ठेवलेलं नाव त्या माणसाला चिकटायचं. दांडगा आला तो वर्षभराची शिक्षा घेऊन. वेल्डर म्हणाला, याने बँक लुटली असणार, पण झोपेत. दांडग्याला इतकं हसू फुटलं की त्याने आपणहूनच सांगून टाकलं: मेव्हण्याच्या दुकानाची काच फोडली होती. दारू प्यायलो नव्हतो, हे तो प्रत्येक वेळी जोडायचा; प्यायलो असतो तर नेम चुकला असता.

असं सगळं खेळीमेळीत चाललं होतं. त्यात नवा माणूस आला.

पन्नाशीचा, कॉलर कडक, नखं स्वच्छ. सुतारकामात हात असा, की रंधा मारताना लाकूड स्वतःहून सरकायचं. शिक्षा तीन महिने.

"तीन महिने?" वेल्डर कपात बघत म्हणाला. "एवढ्याशा शिक्षेत बसेल असा गुन्हा तरी जगात आहे का? शेजारणीची उसनी सुई परत केली नसेल."

"सुईला महिना," रंगारी म्हणाला. त्याचं बोलणं महागाचं असे, म्हणून सगळे ऐकत. "तीन महिने म्हणजे जीव गेलाय. लहानसा जीव. शेजाऱ्याचा कोंबडा."

नव्या माणसाने कप खाली ठेवला. सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि हसला. "फार ओरडायचा हो," तो म्हणाला.

शेड हसून लोळली. वेल्डरने लगेच कोंबड्याला पंख फुटवले. त्या कोंबड्यामुळे म्हणे त्यांच्या गल्लीत सूर्य अर्धा तास आधी उगवायचा, आणि बाकीच्या गावाची घड्याळं वेड्यासारखी त्याच्या मागे पळायची. शेवटी सूर्यानेच तक्रार केली. नवा माणूस शांतपणे ऐकत होता. वेल्डर दमला तेव्हा त्याने आपली भर घातली.

"मी मारला असं नाही," तो म्हणाला. "मी नुसता मानेला हात लावला. तोच गप्प झाला."

यावर तर मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसून. त्या दिवसापासून तो कोंबडेकाका झाला.

आणि काका म्हणून शोभायचाही. मावशीची नात भिंगरी शाळा सुटली की शेडमध्ये यायची, कारण तिची आई, म्हणजे मावशीची लेक, दवाखान्यात नर्स होती आणि दुपारपाळी करायची. भिंगरी आठ वर्षांची. एका जागी उभी राहिलेली तिला फक्त शाळेच्या फोटोत कुणी पाहिली असेल. आपलं कुणी ऐकूनच घेत नाही, ही तिची जन्माची तक्रार. वेल्डर चष्मा चढवून ठिणग्यांत, रंगारी मौनात, आजी हाकांमध्ये. कोंबडेकाका मात्र हातातलं काम ठेवून ऐकायचे. तिला लाकडाची शिट्टी करून दिली, मग लाकडी मासा, मग नुसतं गालावर बोट ठेवून ऐकणं. मावशीला बरं वाटायचं. ती त्यांना म्हणालीसुद्धा, "अहो कोंबडेकाका, तीन महिने पुरत नाहीत हो. अजून एक कोंबडा मारा ना."

ते म्हणाले, "बघू, कुठे ओरडतोय का."

त्या दिवसांत मोठ्या बागेतली घोड्यांची चक्री दुरुस्तीला आली होती. वर छत, खाली फिरणारे बारा घोडे, आणि मधोमध मोटर ठेवायची लाकडी कोठी, माणूस वाकून आत जाईल एवढ्या दाराची. घोडे रंगाऱ्याने घेतले, सांधे वेल्डरने. कोठी सडली होती, ती कोंबडेकाकांनी नवी केली. दार बसवताना त्यांनी मावशीकडे एक छोटी कडी मागितली. मावशीने खोक्यातून काढून दिली. कड्यांना काय तोटा.

चक्री बागेत बसवायला सगळे सकाळीच गेले. कोंबडेकाका शिडीवर चढून छताचं कापड ताणत होते, खाली दांडगा दोऱ्या ओढत होता. घोड्यांचा ताजा रंग बघून लांबून एक मुलगा धावत आला. नऊ-दहा वर्षांचा, मागे त्याची आई. धावता धावता तो मध्येच थांबला. त्याने वर बघितलं. मग काही न बोलता मागे फिरला, घसरगुंडीच्या खाली शिरला आणि गुडघ्यांत डोकं घालून बसला.

मावशीला वाटलं, लाजला. ती हसत तिकडे गेली. "काय रे बाळा, आमचे घोडे चावत नाहीत. एकच चावायचा, त्याचे दात काल कानशीने घासले."

मुलाची आई त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. "श्वास सोड," ती त्याला सांगत होती. "आपण पाण्यात नाही आहोत. हे बघ, बाग आहे. श्वास सोड, राजा."

मुलाचे गाल फुगलेले होते आणि चेहरा लाल झाला होता. बुडी मारल्यावर धरतात तसा त्याने श्वास धरला होता. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा कुठे तो सुटला. मग ती उठली. चष्म्याच्या दुकानात काम करणारी बाई होती. दुकानाचं नाव लिहिलेला कोट अंगावर होता.

"हा माणूस इथे काय करतोय?" तिने विचारलं.

"कोण? आमचे कोंबडेकाका?"

"काका?" ती बाई म्हणाली. तिने तो शब्द असा उच्चारला, की मावशीला तो परत घ्यावासा वाटला. का, ते अजून कळलं नव्हतं.

"तो पोहायला शिकवायचा," बाई म्हणाली. आवाज सपाट, पुष्कळ वेळा पुष्कळ लोकांना सांगून गुळगुळीत झालेला. "माझ्या मुलाला, आणखी दोघांना. क्लास सुटल्यावर एकेकाला कपडे बदलायच्या खोलीत थांबवून घ्यायचा. आतून कडी लावायचा. वर्षभर चाललं होतं. पुढचं मी या मुलासमोर सांगणार नाही, आणि तुम्हालाही कळलंय."

मावशीला कळलं होतं. पण कळलेलं डोक्यात शिरायला जागा मिळेना. तिथे आधीच कोंबडा बसला होता.

"पण त्याला तीन महिने..." ती म्हणाली. "अहो, तीनच महिन्यांची शिक्षा झालीय. आम्हाला वाटलं..."

"हो, तीन महिने. तेही तुरुंगात नाही, तुमच्याकडे. न्यायाधीश म्हणाले, पहिलीच वेळ आहे. पहिली वेळ म्हणजे सापडल्याची पहिली, बाई. म्हणाले, कामसू माणूस आहे, नोकरी गेली, अब्रू गेली, हीच मोठी शिक्षा. बाकीच्या दोघांच्या घरच्यांनी तोंड उघडलं नाही. माझा एकटा बोलला. पेपरात पोरांची नावं झाकली, ते बरोबरच केलं. पण त्यांच्या आडोशाला याचंही नाव झाकलं गेलं." तिने मावशीकडे बघितलं. "तुम्हाला काय वाटलं होतं, काय केलं असेल त्याने?"

मावशीने तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर आलं नाही. कोंबडा, हा शब्द तिच्या जिभेवर येऊन उभा होता आणि ती तो गिळायला बघत होती.

आणि मग तिला ती छोटी कडी आठवली.

ती चक्रीवर चढली, दोन घोड्यांमधून वाट काढत कोठीपाशी गेली. वरून आवाज आला, "मावशी, दाराचा रंग ओला आहे हो." तिने बोट लावलं. रंग खडखडीत वाळला होता. बाहेरच्या बाजूला कडी नव्हतीच. नुसती एक गुळगुळीत मूठ. तिने दार ओढलं.

मोटर एका कडेला सरकवून बसवली होती. उरलेल्या जागेत एक जुनी गादी घडी घालून ठेवलेली, तिच्यावर बिस्किटांचा डबा. कडी दाराच्या आतल्या बाजूला होती. चार स्क्रूंनी पक्की, तेल घातलेली, आवाज न करता सरकणारी.

मावशीचं डोकं सवयीने चेष्टाच करू लागलं. मोटरला आतून कडी कशाला, मोटर काय भुताला घाबरते? ती ते थांबवू शकत नव्हती. मोटर बिस्किटं खाते का? मोटरला झोप येते का?  शेवटी ती एका घोड्याच्या मानेला धरून उभी राहिली.

"उतरा खाली," ती म्हणाली. "आज लवकर घरी जा."

आवाज इतका बारीक निघाला, की वेल्डरने चष्मा काढून कोण बोललं ते बघितलं. कोंबडेकाका उतरले. त्यांनी घसरगुंडीकडे एकदा बघितलं, शिडी नीट घडी करून ठेवली, हात पुसले. "बरं," म्हणाले, "उद्या येतो." आणि गेले. चालण्यात घाई नाही, काही नाही. मावशीला नंतर सगळ्यात जास्त आठवत राहिली ती म्हणजे घडी केलेली शिडी.

घरी येऊन तिने लेकीला सांगितलं. लेक भिंतीला टेकून ऐकत होती.

"आई, तू तिला विचारणार असशील तर ओरडायचं नाही," ती म्हणाली. "रडायचं नाही. तोंडात शब्द घालायचे नाहीत. विचारायचं आणि गप्प बसायचं. तुला येतं का गप्प बसता?"

"आजपासून येतं," मावशी म्हणाली.

भिंगरी गिरक्या घेत आली. कोंबडेकाकांच्या कोठीत काय आहे, एवढंच आईने विचारलं. भिंगरी थांबली. तिचं थांबणंच आजीला सहन होईना.

"ते गुपित आहे. सांगितलं तर काकांना परत शिक्षा होईल आणि ती माझ्यामुळे होईल."

"तुझ्यामुळे कुणाला काही होणार नाही," आई म्हणाली आणि गप्प बसली. आजीही गप्प बसली. तिने ओठ दातांखाली धरले होते.

"ते आमचं दोघांचं घर आहे," भिंगरी म्हणाली. "मी अजून एकदाच बसले, शेडमध्ये. कडी लावायची मी शिकले, आवाज न करता. बागेत चक्री लागली की आम्ही दोघं आत बसणार. घोडे गोल फिरणार, वर गाणी वाजणार, आणि आम्ही आत आहोत हे कुणाला कळणारच नाही. आजीलापण नाही. मी हाक मारली तरी ऐकू जाणार नाही, असं काका म्हणाले. गंमत आहे ना?"

अजून एकदाच. लेकीने ते दोन शब्द मुठीत धरल्यासारखे धरले. आणखी हळू हळू विचारलं. काही झालं नव्हतं. होणार होतं, आणि त्याची सुतारकामासकट तयारी झाली होती. मावशी मोरीत गेली, नळ पूर्ण सोडला आणि त्याच्या आवाजात काय करायचं ते केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरच्या लोकांनी एक दार चालत जाताना पाहिलं. दाराखाली मावशीचे पाय होते. तिने कोठीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून डोक्यावर घेतलं होतं. त्या दिवसाची गोष्ट वेल्डर सांगतो तेव्हा ते दार किल्ल्याच्या दरवाजाएवढं होतं आणि मावशीपुढे वाहनं आपोआप बाजूला होत होती. वाहनं खरंच होत होती.

शिक्षा-कचेरीतल्या साहेबांनी दार बघितलं, मावशीला बघितलं आणि खुर्ची जरा मागे घेतली.

"काय केलं होतं त्याने ते तुम्हाला माहीत होतं का, साहेब?"

"आम्हाला दिवस कळवतात आणि माणसाला काय काम येतं ते," साहेब म्हणाले. "गुन्हा आमच्या टेबलावर येत नाही. तो सुतार होता, तुम्हाला सुतार हवा होता."

"मुलांच्या बागेत?"

"मुलांपासून लांब ठेवा, असं हुकमात कुठे आहे? कुणी मागितलं नाही, कोर्टाने लिहिलं नाही. आणि हुकमाप्रमाणे तो काय, बागेचं काम करत होता."

"बागेत मुलं नसतात तर काय म्हशी झोके घेतात?"

साहेबांनी घसा साफ केला. वाईट माणूस नव्हते. त्यांच्याही कपाळावर घाम आला होता. "मावशी, तुम्हीच मला म्हणाला होतात, असा माणूस अजून पाठवा." मावशीने दार त्यांच्या टेबलाला टेकवलं. "तुम्ही त्याला परत पाठवू शकता. पण एक सांगतो. काम देणाऱ्याने परत पाठवला, तर उरलेले दिवस भरल्यात जमा होतात. तसा नियमच आहे. म्हणजे त्याची शिक्षा आजच संपेल."

मावशीने दोनदा विचारलं. साहेबांनी दोनदा तेच सांगितलं. ठेवला तर भिंगरीच्या शेडमध्ये, काढला तर मोकळा. "सरकारी वकिलीणबाईंना भेटा," साहेब हळूच म्हणाले. "वरच्या कोर्टात जायची मुदत अजून उरलीय. आणि ते दार जपा. त्याला हात लावू देऊ नका कुणाला."

शेडमध्ये चहाची वेळ झाली होती. कोंबडेकाका ठरल्याप्रमाणे आले होते, एका झोपाळ्याच्या फळीला पॉलिश पेपर मारत होते. मावशीने दार भिंतीला टेकवलं, कडीची बाजू बाहेर. चहा कुणीच ओतला नाही.

"काय केलंस तू?" मावशीने विचारलं.

वेल्डरच्या हातातला चिमटा खाली पडला. त्या शेडमध्ये तो प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता, आणि मावशीने त्यांना तू म्हटलेलंही कुणी ऐकलं नव्हतं.

ते हसले. एकेकाकडे बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच. "कोंबडा मारला, मावशी."

कुणी हसलं नाही. ते वाट बघत राहिले. मग त्यांचं हसू हळूहळू विरलं, आणि खाली जो चेहरा होता तो रागाचाही नव्हता, शरमेचाही नव्हता. गैरसोय झालेल्या माणसाचा होता. "शिक्षा भोगणाऱ्याला विचारायचं नाही, हा तुमचाच रिवाज ना? कोर्टाने मला शिक्षा दिली. मी ती भोगतोय. तुम्ही कोण वरून?"

"रिवाज माझा होता," मावशी म्हणाली. "मीच मोडते. चालता हो."

दांडगा उठला. त्याच्या हातात घण होता आणि त्याचा नेम कसा आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

"खाली बस," मावशी म्हणाली. "त्याला बोट लावलंस तर तुला त्याच्यापेक्षा जास्त होईल. काच फोडल्याची तुला वर्षाची शिक्षा झाली, हे विसरलास?"

दांडगा बसला. त्याने घण मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. वर्ष आणि तीन महिने, हे गणित त्या क्षणी तो पहिल्यांदाच मांडत होता, आणि ते सुटत नव्हतं. तोवर कोंबडेकाकांनी फळीवरचा भुसा झाडला आणि शिक्षा पूर्ण झालेला माणूस म्हणून ते दारातून बाहेर पडले.

रंगारी खूप वेळाने बोलला. "लहानसा जीव, असं मीच म्हणालो होतो," तो म्हणाला.  पुढे कित्येक दिवस त्याने घोड्यांचे डोळे रंगवले नाहीत.

सरकारी वकिलीणबाई तरुण होत्या. त्यांनी दार उघडमीट करून बघितलं. कडी आवाज न करता सरकली तेव्हा त्यांनी हात झटकला. "खालच्या कोर्टाने म्हटलंय, याच्यापासून आता कुणाला धोका नाही," त्या म्हणाल्या. "या दारावरून धोका दिसतो. पण दार एकटं बोलत नाही. मुलीला सांगावं लागेल. वेगळी खोली असते, एक बाई असते, तो समोर नसतो."

लेक म्हणाली, "तिला काही झालेलं नाही. कशाला तिला यात ओढायचं? उद्या लोक काय म्हणतील?"

 कोपऱ्यात चष्म्याच्या दुकानातली बाई बसली होती. ती म्हणाली, "बाकीच्या दोघांच्या आयासुद्धा हेच म्हणाल्या. मी त्यांना दोष देत नाही. पण माझा मुलगा एकटाच बोलला आणि एकट्याचं तीन महिने वजन भरलं."

लेकीने त्या दाराकडे बघितलं. "उद्या माझी सुट्टी आहे," ती शेवटी म्हणाली. "मी घेऊन येते तिला."

वरच्या कोर्टात न्यायाधीशबाईंनी दार समोर ठेवायला सांगितलं. भिंगरीने त्या वेगळ्या खोलीत काय सांगितलं होतं ते त्यांनी ऐकलेलं होतं. त्यांनी त्याला एकच विचारलं, कडी आतून का?

"वाऱ्याने दार वाजू नये म्हणून," तो म्हणाला.

"म्हणजे वारा आत बसून कडी लावतो?" बाई म्हणाल्या. कोर्टात कुणी हसलं नाही. त्याही हसल्या नव्हत्या.

तो आत गेला, आणि महिन्यांसाठी नाही, वर्षांसाठी. सुटल्यावरही जिथे मुलं असतील तिथे काम करायचं नाही, असं या वेळी कागदावर लिहिलं गेलं. चष्मेवाल्या बाईने मावशीचा हात धरला. मुलगा कसा आहे, मावशीने विचारलं. "अजून पाण्याजवळ जात नाही," ती म्हणाली. "पण परवा शाळेत मोठ्याने बोलला."

शेडमध्ये वेल्डरने विचारलं, किती झाली. मावशीने आकडा सांगितला नाही. "आकड्यावरून काही कळत नाही," ती म्हणाली. चक्रीच्या कोठीला आता रंगाऱ्याने जाळीचं दार बसवलंय. लांबूनही आतली मोटर दिसते, एकटी.

त्यानंतर काही दिवसांनी साहेबांनी एक नवी बाई पाठवली. साठीची, हातात विणकामाची पिशवी, रंगकाम येणारी. शिक्षा सहा महिने. तिला बाकावर बसवलं. सगळे जमले. मावशीने चहा ओतला, पण कप स्वतःच्याच हातात धरून ठेवला.

"आधी सांगायचं," ती म्हणाली. "काय केलंत?"

बाई मान खाली घालून पिशवीचा बंद पिळू लागली. कान लाल झाले. "सांगायला लाज वाटते हो."

"आम्हाला न विचारण्याची जास्त वाटते. सांगा."

"शेजाऱ्याचा कोंबडा," बाई पुटपुटली. "फार ओरडायचा. मी पातेलं फेकून मारलं. एकदाच. नेमका लागला."

 वेल्डरने चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला, जाळायला समोर काहीच नसताना. दांडगा ओठ हलवून पुन्हा ते गणित मांडू लागला. कोंबड्याला सहा महिने. बाई भांबावून एकेकाकडे बघत होती. ही गोष्ट सांगितल्यावर जिथे तिथे लोक हसले होते. इथलेच असे का बसलेत, तिला कळेना.

मावशीने तिच्या हातात कप दिला. गरम आहे, जपून, असंही म्हणाली. मग खुंटीवरची पिशवी घेतली आणि चपला पायात सरकवल्या.

"शेजाऱ्याचं घर कुठे म्हणालात?" तिने विचारलं. "तुम्ही चहा घ्या सावकाश. मी जाऊन विचारून येते."